कळा सुरू झाल्यावर जवळ कोण?

नमस्कार मंडळी, साताऱ्याहून बोलतेय. आज विषय बाळंतपणाचा, पण लोहाच्या गोळ्या न् पालेभाज्या नाही हं, ते आशाताई सांगतातच.

आपल्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा, कळा किती तास होत्या ते विसरलेली असते, पण सिस्टर काय बोलली ते शब्दाला शब्द सांगते. पाटणकडची एक, मुलगा आता कॉलेजला जातोय, तरी अजून सांगते की टेबलावर तिला ऐकवलं होतं, "तेव्हा नाही का कळलं, आता कशाला बोंबलतीस?" आणि माणमधली दुसरी, तिची सिस्टर कंबर चोळत म्हणत होती, "ओरड गं खुशाल, फक्त आत्ता जोर नको लावू." कागदावर दोघींचं एकच, नॉर्मल डिलिव्हरी.

2018 साली केंद्र सरकारने ठरवलं की नर्सना मिडवाइफरीचं (म्हणजे सुईणपणाचं) 18 महिन्यांचं खास ट्रेनिंग द्यायचं आणि बिनधोक्याची बाळंतपणं त्यांच्या हाती सोपवायची. म्हणजे काय, तर कळांमध्ये चालू द्यायचं, पाणी-पेज घेऊ द्यायची, उताणंच पड अशी सक्ती नाही, उकिडवं बसा नाहीतर कुशीवर, जसं सोसवेल तसं. वरून पोट दाबून बाळ ढकलायचं नाही, पहिलटकरीण दिसली की बाळाच्या वाटेवर सरसकट काप द्यायचा नाही, बाळ आधी आईच्या छातीवर, नाळ निदान मिनिटभर थांबून कापायची. उकिडवं तर आपल्या सुईणीही बसवायच्या की! (पण विळ्याने नाळ कापून धनुर्वात व्हायचा तोही त्याच काळातला, उगाच गोडवे नकोत.)

सिस्टरचीही बाजू आहे हो, रात्रपाळीला एकटी, दोघी-तिघी कळा देतायत, वर रजिस्टर भरायची, मग तोंड सुटतंच. म्हणून तर सोबत हवी. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ घरची एक बाई थांबू शकते, 2016 पासून तशी केंद्राची सूचनाच आहे, ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, कपडे स्वच्छ असावेत, संसर्गाचा आजार नसावा, बस्स. तरी आपल्या बायका दाराबाहेर चपलांपाशी बसलेल्या.

तर आठव्या महिन्याच्या तपासणीलाच सिस्टरना विचारून ठेवा, सोबत कोण चालेल, चालू-फिरू देता का. बीपी, जुळं, आधीचं सिझर असेल तर मात्र मोठ्या दवाखान्यात डॉक्टरकडेच, आणि न्यायला 102 ची गाडी फुकट येते.