आधी पुढचा, मग मागचा

श्रोतेहो, नमस्कार. माझ्याकडे १९३४ची ऑस्टिन सेव्हन आहे. इंग्लंडातल्या लाँगब्रिजच्या कारखान्यातली, आपल्या रिक्षापेक्षा थोडीच मोठी. हिच्यात ब्रेक ऑइल नाही. पेडल दाबलं की केबल ओढली जाते, कॅम, म्हणजे शूंना बाहेर ढकलणारा तुकडा, फिरतो आणि शू, म्हणजे ब्रेकच्या कमानदार पट्ट्या, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासतात. सुरुवातीच्या ऑस्टिन सेव्हनला पायाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना होता, हाताचा पुढच्या. १९३०मध्ये चारही चाकं एकत्र जोडली आणि पुढं किती, मागं किती ही कटकट सुरू झाली.

एका पावसाळ्यात कात्रजच्या जुन्या घाटात मी ब्रेक मारला आणि गाडीचं बूड माझ्याआधी वळणावर पोचलं! ब्रेक लागला की भार पुढच्या चाकांवर येतो, मागची हलकी होतात आणि चटकन जाम होतात. जाम झालेलं चाक वाट्टेल तिकडं घसरतं. पुढची जाम झाली तर स्टिअरिंग ऐकत नाही, पण गाडी निदान सरळ जाते. म्हणून पुढच्यांनी किंचित आधी धरायचं.

ब्रेक कमी लागला की आपण लगेच केबल आवळतो. थांबा. आधी लायनर, म्हणजे शूवरचं घासणारं अस्तर, बघा. लायनर झिजला असेल तर कॅम जास्त फिरतो, त्याचा दांडा केबलशी काटकोन सोडून पुढं निघून जातो आणि जोर वाया जातो. केबल आवळून तो परत येत नाही.

मग गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, ठेवून चारही चाकं उचला, हँडब्रेक सोडा. सीटची चौकट आणि पेडल यांच्यात लाकडाचा तुकडा अडकवून पाचर हळूहळू ठोका. दर ठोक्याला चाकं हातानं फिरवून बघा. आधी पुढची दोन्ही सारखीच घासू लागली पाहिजेत, मग मागची. पुढची हातानं हलेनाशी झाली तेव्हा मागची जोर लावल्यावर फिरली, तर जमलं. त्यानंतर मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर, सावकाश चाचणी.

ड्रम उघडाल तेव्हा धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. ओल्या फडक्यानं पुसा.

घाटातल्या त्या प्रकारानंतर मीही ड्रम उघडले. पुढच्या दोन्ही लायनरना हबचं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातलं, ग्रीस लागलेलं, आणि मी महिनाभर मागच्या केबली आवळत बसलो होतो.