प्रकाश नसलेली बंदूक

(काळा पडदा. यंत्रात नाणं घरंगळल्याचा आवाज.)

साल २०२९. जमिनीवर कवट्यांचा खच, आभाळात घिरट्या घालणारी यंत्रं आणि समोरून चालत येणारे धातूचे सांगाडे. बंदूक तुमच्या हातात आहे. गंमत म्हणजे तुम्हीही यंत्रच आहात, माणसांच्या बाजूने लढायला वळवलेला टी-८००.

(गेमच्या कपाटाचं, म्हणजे कॅबिनेटचं दृश्य. दोन बंदुका, एक निळी, एक लाल.)

मिडवे कंपनीचा 'टर्मिनेटर २: जजमेंट डे'. जेम्स कॅमेरॉनचा चित्रपट १९९१च्या जुलैत अमेरिकेत लागला आणि त्याच वर्षी जॅक हेगर आणि जॉर्ज पेट्रो यांचा हा गेम आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून गेम खेळायच्या ठिकाणी, आला. पडद्यावरची माणसं चितारलेली नाहीत. नटांचं चित्रण करून त्यातल्या आकृती गेममध्ये उतरवल्या आहेत. चित्रपटातला खलनायक यंत्रमानव टी-१००० झालेला रॉबर्ट पॅट्रिक इथेही तसाच थंड नजरेने चालत येतो. हीच युक्ती मिडवेने पुढच्या वर्षी 'मॉर्टल कॉम्बॅट'मध्ये वापरली आणि मग त्यातल्या रक्तपातावरून मोठा गदारोळ झाला.

(ट्रकचा टप्पा. स्फोट.)

पण जुन्या खेळाडूंना विचारा, ते आधी ट्रकबद्दल बोलतील. माणसांचा नेता जॉन कॉनर, त्याचा ट्रक पळतोय आणि वरून हंटर-किलर, म्हणजे ती उडती यंत्रं, त्यावर आग ओकतायत. ट्रिगर दाबून धरावा तर पडद्यावरची बंदुकीच्या ताकदीची पट्टी उतरते आणि गोळ्यांचा वेग मंदावतो. सोडावा तर ट्रक जातो. आणि ट्रक गेला की पुन्हा मागे! माझ्या मते हा टप्पा खेळाडूसाठी कमी आणि गल्ल्यासाठी जास्त बनवलाय. एकट्याने तो पार करणं महाकठीण. शेजारच्या बंदुकीवर कुणीतरी हवंच.

(बंदुकीचा खालचा भाग. झाकण उघडतं.)

आता जवळून बघा. याला सगळे लाइट गन गेम म्हणतात, पण या बंदुकीत लाइटचा काही संबंधच नाही. खऱ्या लाइट गनच्या नळीत प्रकाश टिपणारा सेन्सर असतो. जुन्या पिक्चर ट्यूबवर चित्र एका वेळी उमटत नाही, इलेक्ट्रॉनचा झोत ते ओळीओळीने रंगवत जातो. तो झोत नळीसमोर नेमका कधी आला, यावरून नेम कळतो.

इथे मात्र बंदूक कॅबिनेटला खिळलेली आहे. आत दोन पोटेन्शिओमीटर, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. म्हणजे रेडिओचा आवाज कमी-जास्त करायच्या बटणामागे असतं तेच. आणि तो रेडिओ जुना झाला की कसा खरखरतो, तसंच इथेही होतं. पोटेन्शिओमीटर झिजले की नेम थरथरायला लागतो, गोळी भलतीकडेच जाते. दुरुस्ती करणारे पोटेन्शिओमीटर बदलतात, सेटिंगमध्ये जाऊन बंदुकीचा नेम पुन्हा जुळवून देतात, की झालं.

(घरातला टीव्ही. सेगाची मेनेसर, निन्टेन्डोची सुपर स्कोप.)

पुढे 'टी२: द आर्केड गेम' या नावाने हा गेम घरच्या कन्सोलवर आला, आणि तिथे चालल्या त्या मेनेसर आणि सुपर स्कोप, या मात्र अस्सल लाइट गन. आजच्या सपाट टीव्हीत तो झोतच नसतो, म्हणून त्याच्यासमोर त्या आंधळ्या आहेत. आर्केडच्या कॅबिनेटमधली ट्यूब गेली आणि तिथे एलसीडी बसवला, तरी त्या खिळलेल्या बंदुकीला फरक पडत नाही.

(नाणं पडतं. ट्रक पुन्हा निघतो.)