पाच वर्षांची भांडी

नमस्कार श्रोतेहो. साडेनऊ वाजून गेलेत. जेवणं उरकली असतील आणि ताटं-वाट्या मोरीत पडल्या असतील. पडू द्यात. पुढची दहा-बारा मिनिटं कुणी त्यांना हात लावू नका, कारण आज ज्या सिनेमाबद्दल बोलायचंय त्यातलं पहिलं मोठं भांडणच न घासलेल्या भांड्यांवरून होतं.

सिनेमा न्यूझीलंडचा. साल 2014. नाव 'व्हॉट वुई डू इन द शॅडोज'. वेलिंग्टन शहरात एका जुनाट, पडदे ओढलेल्या घरात चार पुरुष एकत्र राहतात. वायागो, वय वर्षं 379. व्लादिस्लाव, 862. डीकन हा त्यांच्यातला पोरसवदा, म्हणजे 183 वर्षांचा. आणि तळघरात दगडी पेटीत झोपणारा पीटर, वय 8000. चौघेही व्हॅम्पायर. रक्त पिणारे. आणि त्यांच्यावर माहितीपट काढायला एक कॅमेरावाली टोळी घरात शिरलेली आहे, गळ्यात क्रूस घालून, म्हणजे त्यांना कुणी चावू नये!

तर वायागो सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावतो. बैठक भरते. विषय एकच. डीकनने पाच वर्षांत एकदाही भांडी घासलेली नाहीत. पुन्हा सांगतो, पाच वर्षं. मागे रक्ताने बरबटलेल्या भांड्यांचा ढीग दिसतो, आणि डीकनचं म्हणणं असं की व्हॅम्पायर कधी भांडी घासतात का!

हा सिनेमा दोघांनी मिळून लिहिला आणि दिग्दर्शित केला. टायका वायटिटी आणि जेमेन क्लेमेंट. वायागो स्वतः वायटिटीने केलाय, व्लादिस्लाव क्लेमेंटने. 2005 साली याच कल्पनेवर त्यांनी एक लघुपट केला होता. मग मोठा सिनेमा करायला 2012 उजाडलं. खर्च साधारण सोळा लाख डॉलर. म्हणजे तेव्हाचे आपले नऊ-साडेनऊ कोटी. तुम्ही म्हणाल, नऊ कोटी आणि कमी खर्चाचा? आपल्याकडे तेवढ्यात दोन-तीन मराठी सिनेमे निघतील आणि वर मांडववाल्याची जुनी बाकीही फिटेल. पण त्याच वेलिंग्टनमध्ये त्याच सुमाराला 'हॉबिट'चे अवाढव्य सिनेमे चालले होते. हॉबिटच्या नेपथ्यासाठी ज्याला ऑस्करचं नामांकन मिळालं, त्या रा विन्सेंटनेच या चार जणांचं कळकट घर उभं केलं. तिकडे डोंगर-दऱ्या, इकडे मोरी.

पटकथा दीडशेएक पानांची होती. ती नटांना दाखवलीच नाही! प्रसंग सांगायचा आणि म्हणायचं, बोला आता. सव्वाशे तासांच्या आसपास चित्रीकरण झालं, त्यातून दीड तासाचा सिनेमा काढला. सव्वाशे तासांतून दीड तास. ज्यांनी घरी खवा आटवलाय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

एक ओझरतं सांगतो. व्हॅम्पायर उन्हाने मरतो, हे आपण सगळे गृहीत धरतो ना? 1897च्या मूळ 'ड्रॅक्युला' कादंबरीत तसं नाहीच. तिथे ड्रॅक्युला भर दिवसा लंडनमध्ये हिंडतो. उन्हाची ही भानगड रुजवली 'नोस्फेराटू' या 1922च्या जर्मन मूकपटाने. त्यांनी कादंबरीचे हक्क न घेताच सिनेमा केला, लेखकाच्या बायकोने खटला भरला, प्रती नष्ट करायचा हुकूम झाला, तरी काही वाचल्या. आमच्या सिनेमातला तळघरातला पीटर आहे ना, टकला, लांब नखांचा, तो थेट त्या मूकपटातून उठून आलेला आहे.

आता व्हॅम्पायरचे नियम. पटकन मोजा माझ्याबरोबर. दिवसा बाहेर पडायचं नाही. लसूण चालत नाही. आरशात दिसत नाही. आणि चौथा, कुणी 'या' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. ऊन, लसूण, आरसा, उंबरा. हे चार लक्षात ठेवा, कारण आता मी तुम्हाला पुण्याला नेणार आहे.

साल 1991. शनिवार पेठेतला एक वाडा. वरच्या मजल्यावर एक खोली आणि त्या खोलीत आम्ही चौघं. मालकीण काकू खालच्या मजल्यावर, सोबत सातवीतला नातू. चौकात एक नळ, त्याला पाणी पहाटे साडेपाच ते सात. कॅलेंडरच्या मागे आम्ही भांड्यांच्या पाळ्या लिहिल्या होत्या. सोमवार अमुक, मंगळवार तमुक. माझे वार मला आजही पाठ आहेत, लग्नाच्या तारखेपेक्षा पक्के.

आमच्यातला एक जण छापखान्यात मुद्रितशोधक होता. रात्रपाळी. रात्री नऊला जायचा, पहाटे परतायचा, की झोपला. उजेड नको म्हणून खिडकीवर गोधडी ठोकलेली. भिंतीवर आमचा एक आरसा होता, तडा गेलेला. दाराच्या फटीतलं ऊन त्याच्यावर पडून याच्या डोळ्यांवर यायचं, म्हणून याने आरशावर टॉवेल टाकला. तो टॉवेल कायमचाच. आम्ही बाकीचे तिघं वर्षभर चौकातल्या नळाच्या पितळी तोटीत बघून भांग पाडत होतो.

झाले दोन. ऊन आणि आरसा.

आता लसूण. काकूंच्या हातची लसणाची चटणी म्हणजे, काय सांगू. लसूण, सुकं खोबरं, तिखट, मीठ, आणि कुटलेली. खलबत्त्यात कुटलेली, मिक्सरमधली नव्हे. मिक्सरच्या चटणीला चटणी म्हणू नये, तो भुसा. असो. काकूंनी एकदा वाटीभर चटणी वर पाठवली. आम्ही तिघं कामाला गेलेलो. याने दार उघडलं, वाटीकडे बघितलं, दोन पावलं मागे सरला आणि नातवाला म्हणाला, "लसूण? नको रे बाबा. घेऊन जा खाली."

नातू वाटी घेऊन खाली गेला, पण त्याच्या डोक्यात काहीतरी पेटलं होतं. कारण हे पोरगं वाचनालयातून मराठीतला ड्रॅक्युला आणून पांघरुणात वाचत होतं. त्याने मनात मोजणी सुरू केली. दिवसा दिसत नाही. आरसा झाकलेला. लसूण बघून मागे सरतो. शिवाय तोंड लाल, कारण पहाटे परतताना याला पान लागायचं. आणि बोटंही लाल! मुद्रितशोधनाची लाल शाई हो. पण सातवीतल्या पोराला कुठली माहीत असणार मुद्रितशोधनाची शाई?

राहता राहिला उंबरा. तर आमचा हा रात्रपाळीवाला स्वभावाने भिडस्त. भाडं द्यायला काकूंच्या दारात जायचा, उंबऱ्याबाहेर उभा राहायचा आणि हळू आवाजात विचारायचा, "काकू, आत येऊ का?" काकू "ये" म्हणेपर्यंत पाऊल आत नाही. मागून नातू बघतोय. काकू म्हणाल्या, "ये." याने पाऊल उचललं. आणि आतून किंकाळी!

"आजी, बोलावू नकोस त्याला! तो ड्रॅक्युला आहे!"

काकूंनी चष्मा कपाळावर ढकलला. याच्याकडे बघितलं, नातवाकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "ड्रॅक्युला? आडनाव आपल्याकडचं वाटत नाही. मला तर याने वेगळंच सांगितलं होतं."

त्याच संध्याकाळी आमच्या दाराला लसणाची माळ लटकली. अख्ख्या लसूण-कांद्यांची, गाठी मारून ओवलेली. काकूंना कळलं तेव्हा त्यांचा राग भुतावर नव्हता, लसणाच्या भावावर होता. पण गंमत बघा, माळ त्यांनी काढायला लावली नाही. म्हणाल्या, "राहू दे दोन दिवस. बघू काय होतं ते."

म्हणजे मनात पाल चुकचुकलीच होती! इथे एक बोलून टाकतो. आपल्या भुतांचा आणि आपला तसा जुना घरोबा आहे. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, चकवा शिवेवर, सगळ्यांचे पत्ते ठरलेले. कोकणात आरवलीला वेतोबा आहे, तो रात्री गावची राखण करत हिंडतो आणि त्याच्या वहाणा झिजतात म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात. ज्याच्या चपलांची आपण काळजी करतो त्याला घाबरायचं किती? हल्लीचे भुतांचे सिनेमे मला म्हणून सोसत नाहीत. भूत येतं आणि आवाज फाटतो. भीती नाही ती, कानाचा आजार आहे. असो, असो, वाड्यात परत येऊ.

तिसऱ्या दिवशी पहाट. नळाला पाणी आलं. काकू तुळशीला पाणी घालायला चौकात आल्या. हा नुकताच परतलेला, झोपण्याआधी आंघोळ करावी म्हणून सदरा काढून नळाखाली बसलेला. एरवी गळ्यात मफलर असायचा, पहाटेच्या गारठ्याचा. आज मफलर नाही. आणि काकूंना दिसली ती त्याच्या गळ्यातली तुळशीची माळ.

माळकरी! वारकऱ्याच्या घरातला, सातारकडचा पोर. मांस-मच्छी तर सोडाच, कांदा-लसूणही वर्ज्य. म्हणून चटणी परत! काकूंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. म्हणाल्या, "अरे, तू माळकरी? आणि आम्ही तुझ्या दाराला लसूण बांधला रे!"

पुढे काय झालं ते ऐका, कारण माझं दुखणं तिथे आहे. त्या दिवसापासून काकू त्याच्यासाठी बिनलसणाची चटणी वेगळी कुटायला लागल्या. एकादशीला साबुदाण्याची खिचडी त्याला वर पोचायला लागली. झालं ते झालं. पण एका रविवारी काकू वर आल्या, त्यांनी कॅलेंडरमागच्या पाळ्या वाचल्या, गुरुवारपुढे याचं नाव बघितलं आणि आम्हा तिघांना म्हणाल्या, "तुम्ही अंडी करता ना त्याच भांड्यांत? आणि ती भांडी माळकऱ्याने घासायची?"

गुरुवार माझ्याकडे आला. चार महिने, श्रोतेहो. चार महिने माझ्याकडे दोन वार, आणि ड्रॅक्युला गोधडीआड घोरतोय.

बरं, सिनेमा. सिनेमात हेच तर आहे. आरशात दिसत नाही, मग बाहेर जाताना नटायचं कसं? तर हे एकमेकांची चित्रं काढून दाखवतात, बघ, तू असा दिसतोयस. शहरात नाचायला जातात तर क्लबच्या दारात अडतात, कारण दरवान 'आत या' म्हणत नाही. वायागो बाईचा गळा फोडण्याआधी वर्तमानपत्रं पसरतो, डाग नकोत म्हणून. वायटिटीने वायागोचा स्वभाव आपल्या आईवरून घेतला म्हणतात. मी सिनेमा बघताना आमच्या काकूंनाच बघत होतो.

आणि मग घरात एक जिवंत माणूस येतो. स्टू. संगणकाचं काम करणारा, कमी बोलणारा, गोऱ्या-लाल गालांचा. नवा व्हॅम्पायर झालेल्या निकचा हा मित्र. सगळ्यांना तो इतका आवडतो की ठराव होतो, स्टूला कुणी खायचं नाही. स्टूची भूमिका करणारा माणूस दिग्दर्शकांचा खरोखरचा मित्र, नट नव्हेच, खऱ्या आयुष्यातही संगणकातलाच. त्याला सांगितलं होतं की छोटंसं काम आहे. म्हणजे तो अवघडू नये. आपलं काम केवढं मोठं आहे हे त्याला पडद्यावर बघितल्यावर कळलं! नट मंडळींनी हा सिनेमा एकदा स्टूसाठी बघावा. काहीही न करता उभं राहणं, फार कठीण. आमच्या नाटकवाल्यांना तर अशक्य.

हा स्टू त्यांना संगणक शिकवतो. आणि पडद्यावर त्यांना सूर्योदय दाखवतो. शेकडो वर्षांत न बघितलेला सूर्योदय, एवढ्याशा चौकोनात. सगळ्यांचे चेहरे त्या उजेडाकडे लागलेले. तिथे हसू थांबतं माणसाचं. मी तरी थांबलो होतो.

बाकी लांडगेवाले आहेत, म्हणजे माणसाचे लांडगे होणारे, शिव्या न देण्याची शपथ घेतलेले, ते तुम्हीच बघा. या सिनेमावरून पुढे अमेरिकेत मालिका निघाली, 2019 ते 2024. वायटिटीला नंतर दुसऱ्या एका सिनेमाच्या लेखनासाठी ऑस्करही मिळालं. स्वस्तातल्या भयपटांत घरचीच माणसं राबतात हे आपल्याला नवं नाही. आपले रामसे बंधू 1972 साली महाबळेश्वरला जाऊन सिनेमा करून आले तेव्हा कॅमेऱ्यावर भाऊ, ध्वनीवर भाऊ, दिग्दर्शन करणारेही भाऊच. फरक एवढाच की ते भीती दाखवायला गेले आणि लोक हसले. हे हसवायला आलेत, आणि स्टूला काही झालं तर, या काळजीने आपणच नखं चावतो.

सिनेमा मी घरी बघितला, रात्री उशिरा. भांड्यांचा प्रसंग आला आणि मला राहवलं नाही. सिनेमा थांबवला, पुण्यातल्या त्या माळकऱ्याला फोन लावला. रात्रीचा दीड. पहिल्या घंटीला उचलला, आवाज एकदम ताजा! निवृत्त झालाय, पण झोप अजून रात्रपाळीचीच आहे. म्हटलं, अरे, सिनेमात एक जण आहे, तुझ्यासारखा, पाच वर्षं भांडी घासली नाहीत त्याने.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "पाच वर्षं? मग माझे चार महिने काहीच नाहीत की. आणि काय रे, माझी गोधडी तुझ्याकडेच राहिली ना?"

आहे. माझ्याकडेच आहे. बेडरूमच्या खिडकीला लावलीय.

शुभ रात्री.