नवापूरच्या पुढे

(नवापूर रेल्वे स्टेशन. फलाटावरचं बाकडं.)

या बाकड्याचं एक टोक महाराष्ट्रात, दुसरं गुजरातेत. तिकीट खिडकी आपल्याकडे, स्टेशन मास्तरांची खोली तिकडे. लोक हौसेनं फोटो काढतात. पण दिवाळी सरली की नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुव्याकडून ऊसतोडीला निघालेल्यांना हीच हद्द कुठे ना कुठे ओलांडावी लागते, आणि सरकारी योजना खऱ्या अडखळतात त्या तिथेच.

(टेम्पो भरतोय.)

मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन झालेली असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. गोधड्या, हंडे, पिठाचा डबा, कोंबड्या आणि सगळ्यांच्या वर पोरं. मुक्काम गुजरातेत, बारडोलीकडच्या उसात, पडावावर, म्हणजे तोडणी मजुरांच्या तळावर. होळीला मात्र घरी यायचंच, मग मुकादम काही म्हणो.

रेशन त्यांच्यामागून जाऊ शकतं. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ची सुरुवात ऑगस्ट 2019 मध्ये राज्यांच्या दोन जोड्यांनी झाली, त्यातली एक महाराष्ट्र-गुजरातची. ‘प्राधान्य’ यादीत बसणाऱ्या गरीब कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य. थोडं पडावाजवळच्या दुकानातून उचलायचं, उरलेलं गावी राहिलेल्या म्हातारा-म्हातारीनं. नवं कार्ड काढावं लागत नाही. घोडं अडतं ते अंगठ्यावर. कोयता धरून बोटांवरच्या रेषा झिजतात, मशीन अंगठा घेत नाही. मग घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पुढे करायचं, आणि तेवढ्यासाठी त्याचा रोज बुडवायचा.

(अंगणवाडी.)

स्थलांतर करणारी बालकं, गरोदर आणि स्तनदा माता यांची नोंद ठेवायला राज्यानं ‘महा-एमटीएस’ ॲप आणलं. पहिल्या प्रायोगिक जिल्ह्यांत नंदुरबार होता. राज्यातल्या राज्यात गेलं तर तिकडच्या अंगणवाडी ताईंना नाव सापडतं. हद्दीपलीकडे अंगणवाडी दुसऱ्या सरकारची.

शाळेचं तर विचारूच नका. तिसरीतलं पोर नुकतं मराठी वाचायला लागलेलं. तिकडे फळ्यावर गुजराती. दप्तरात शिक्षण हमी कार्ड, म्हणजे नव्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं कार्ड, असून काय उपयोग? त्यापेक्षा हंगामी वसतिगृह बरं. पोर गावातच राहतं, शाळा चालू राहते, जेवणाची सोय होते. पण त्याची मंजुरी टेम्पो सुटायच्या आधी हवी. नंतर आली, तर ज्यांच्यासाठी आली ती पोरं तोवर बारडोलीत मोळ्या बांधत असतात.