एकाच डावाची दोन भाष्ये

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित लेखरूप)

नाशिककर बुद्धिबळप्रेमीहो, एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोच्या कँडिडेट्स स्पर्धेत, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, दुसऱ्याच फेरीत, आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीने हिकारू नाकामुराविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळताना एच३ या घरावर उंटाचा बळी दिला. तो डाव त्याने जिंकला आणि क्लासिकल, म्हणजे दीर्घ वेळेच्या, खेळात नाकामुराची सलग ४७ डाव अपराजित राहण्याची मालिका संपली. त्या रात्री डाव पाहणाऱ्या बहुतेकांच्या पडद्यावर इंजिनाचा, म्हणजे संगणकाच्या मूल्यमापनाचा, पट्टा होता आणि पटावरील स्थिती समजून घेण्याआधीच कोण वरचढ आहे हे आपल्याला कळत होते. अशा डावांवर जाणकार जे भाष्य करतात, त्याविषयी आज मला बोलायचे आहे. माझे म्हणणे असे की, एकाच डावावरची दोन भाष्ये शेजारी ठेवून वाचावीत. त्यांची मते जिथे फुटतात, तिथेच बहुधा खेळाडूची खरी कसोटी लागलेली असते, आणि इंजिनाचा निकाल आधी पाहिला तर ती जागा आपल्या नजरेतून निसटते.

यासाठी १९५३ च्या झुरिच कँडिडेट्स स्पर्धेइतके समृद्ध साहित्य क्वचितच मिळेल. पंधरा खेळाडू, प्रत्येकाशी दोनदा गाठ आणि एकूण २१० डाव, असा तिचा पसारा होता. स्मिस्लोव १८ गुणांनी पहिला आला, तर ब्रॉन्स्टीन, केरेस आणि रेशेव्स्की १६ गुणांवर राहिले. या स्पर्धेवर स्वतः तिथे खेळलेल्या दोघांनी, रशियनमध्ये ब्रॉन्स्टीनने आणि स्पॅनिशमध्ये नायडॉर्फने, सविस्तर ग्रंथ लिहिले. ब्रॉन्स्टीनचा भर संभाव्य चालींच्या लांबलचक शाखांपेक्षा विचार शब्दांत मांडण्यावर आहे. मध्यडावात खेळाडू कोणत्या कल्पनेने खेळत होता, हे त्याला सांगायचे असते. मला हा गुण फार मोलाचा वाटतो, कारण पाठ केलेली शाखा दुसऱ्या डावात उपयोगी पडेलच असे नाही, पण समजलेली कल्पना पडते.

त्याच स्पर्धेतील अ‍ॅव्हरबाख विरुद्ध कोटोव हा डाव घ्या. तिसाव्या खेळीला काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कोटोवने एच३ वरचे प्यादे मारून वजिराचा बळी दिला, आणि पांढऱ्याचा राजा ओढला जाऊन थेट एफ५ पर्यंत, शत्रूच्या मोहऱ्यांच्या मधोमध, येऊन उभा राहिला. या बळीचे कौतुक पुष्कळ झाले आहे, म्हणूनच मी त्यावर फार थांबत नाही. खरी वाचण्यासारखी जागा पुढे आहे. कोटोवचा घोडा एफ६ आणि जी८ या घरांवरून पुनःपुन्हा शह देत राहतो. तीच स्थिती तिसऱ्यांदा येऊन डाव बरोबरीत सुटू नये म्हणून मध्येच डी५ वरचे प्यादे मारतो आणि पुन्हा तेच शह सुरू करतो. निव्वळ स्थितीचे मूल्यमापन करणाऱ्या इंजिनाच्या आकड्यांत या खेळ्यांना काही अर्थ सापडत नाही. पण चाळिसाव्या खेळीला वेळेची पहिली मर्यादा होती, म्हणजे तोवरच्या खेळ्या ठरलेल्या वेळेत संपवायच्या होत्या, हे ध्यानात घेतले, की प्रत्येक खेळी उमगते: वजीर आधीच देऊन बसलेल्या माणसाला घाईत चूक करणे परवडणारे नव्हते, म्हणून तो सुरक्षितपणे ती मर्यादा गाठत होता. हे सांगायला घड्याळासमोर बसलेला माणूसच भाष्यकार लागतो.

आता १९९९ मधील नेदरलँड्समधल्या वाइक आन झी येथील कास्पारोव विरुद्ध टोपालोव हा डाव. चोविसाव्या खेळीला कास्पारोवने डी४ वर हत्तीचा बळी दिला, टोपालोवने तो घेतला, आणि ए७ वरून निघालेला काळा राजा पट ओलांडत पांढऱ्याच्या पहिल्या रांगेपर्यंत खेचला गेला. कौतुकाची भाष्ये या बळीला दोन उद्गारचिन्हे, म्हणजे अप्रतिम चालीची खूण, देतात. नंतरच्या विश्लेषणाने मात्र दाखवले की टोपालोवने हत्ती न घेता राजा बी६ वर नेला असता, तर काळ्याला घाबरण्याचे कारण नव्हते. शिवाय अठ्ठाविसाव्या खेळीला कास्पारोवकडे हत्ती ए७ वर नेण्याची अधिक प्रभावी चाल होती. ही माहिती खरी आहे आणि ती लपवू नये. तरीही हत्ती नाकारण्यासाठी टोपालोवला राजा कुठवर ओढला जाईल हे आधीच दिसायला हवे होते, आणि ते दिसणे किती अवघड होते हे निव्वळ ‘चूक’ या शेऱ्यातून कळत नाही. निकालाकडून मागे येत लिहिलेले भाष्य विजेत्याच्या प्रत्येक खेळीत योजना पाहते, इंजिनाकडून लिहिलेले भाष्य हरणाऱ्याच्या प्रत्येक खेळीत दोष पाहते. खेळाडूच्या बाजूने लिहिलेले तिसरे भाष्य शोधावे लागते.

थेट प्रक्षेपणातील भाष्याला हीच कसोटी लावतो. टोरांटोत शेवटच्या फेरीआधी भारताचा गुकेश अर्ध्या गुणाने पुढे होता, आणि त्याचा डाव बरोबरीत सुटल्यामुळे कारुआना विरुद्ध नेपोम्नियाची या डावात जो जिंकेल तो गुकेशला गाठणार होता. कारुआनाचा डाव जिंकलेला आहे असे इंजिन दाखवत असताना तो विजय चाळिसाव्या खेळीच्या आसपास निसटला, पुढे पुन्हा हाताशी आला आणि पुन्हा निसटला. १०९ खेळ्यांनंतर बरोबरी झाली आणि गुकेश ९ गुणांनी स्पर्धा जिंकला. पट्ट्याकडे पाहणाऱ्याला हे अक्षम्य वाटते. परंतु त्या स्पर्धेत पहिल्या चाळीस खेळ्यांसाठी १२० मिनिटे होती आणि प्रत्येक खेळीमागे मिळणारी ३० सेकंदांची भर एकेचाळिसाव्या खेळीपासूनच सुरू होत होती. जो समालोचक हे सांगतो आणि पट्टा झाकून स्वतः चाल शोधतो, त्याचे ऐकावे.

आपल्या शहरातील प्रशिक्षकांना माझी विनंती आहे. अ‍ॅव्हरबाख–कोटोव डावाची तिसाव्या खेळीआधीची स्थिती दोन मुलांना वेगवेगळे बसवून द्या, दोघांकडून आपापले टिपण लिहून घ्या, मग ब्रॉन्स्टीनचे आणि मिळाले तर नायडॉर्फचेही भाष्य त्यांना वाचायला द्या, आणि इंजिन सर्वांत शेवटी, मुलांनी आपले मतभेद कागदावर नोंदवून झाल्यानंतरच, सुरू करा.