अर्थ कळला, मग आरती कशाला?

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी मला मोजकीच मिनिटं दिली आहेत, पण कार्यक्रमच पाऊण तास उशिरा सुरू झालाय, तेव्हा घड्याळ कुणी दाखवू नये.

गेल्या आठवड्यात आमच्या घरी जुंपली. गणपतीचे कान सुपाएवढे, कारण पुष्कळ ऐकावं. उंदीर म्हणजे मनातली हाव, असं मी लेकीला रंगवून सांगत होतो. माल व्हॉट्सॲपवरचा, आव मात्र दशग्रंथीचा. ती म्हणाली, "बाबा, अर्थ कळला. मग आता आरतीला उभं कशाला राहायचं?" हिने लेकीची बाजू घेतली आणि भारतातून आईने फोनवर दोघींना झापलं.

हा प्रश्न 2000 वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरातल्या ज्यूंच्या घरात शिरला होता. त्यांची पोरं ग्रीक बोलायची. तोरा हा त्यांचा धर्मग्रंथसुद्धा ग्रीक भाषांतरात वाचायची. त्या भाषांतराचा दरवर्षी शहराजवळच्या फेरोस बेटावर सण व्हायचा: आधी प्रार्थना, मग समुद्रकाठी तंबू ठोकून सहकुटुंब जेवण. जेवणाशिवाय मंडळ तेव्हाही चालत नव्हतं!

ग्रीक महाकवी होमरच्या काव्यातल्या देवांच्या भानगडी ग्रीक पंडित रूपक म्हणून वाचत. ज्यूंनी तीच युक्ती तोराला लावली. 'देवाचा हात' म्हणजे देवाचं सामर्थ्य, असं ॲरिस्टोब्युलस नावाचा ज्यू पंडित सांगे. शिवाय प्लेटो आणि पायथागोरस या ग्रीक तत्त्वज्ञांनी सगळं तोरा देणाऱ्या मोशेकडूनच उचललं, हेही त्याने ठोकून दिलं. हसू नका, आपल्या ग्रुपवर रोज सकाळी काय येतं ते मला माहीत आहे.

पुढे फायलो या तिथल्याच ज्यू तत्त्वज्ञाने यात कळस केला. जग सहा दिवसांत घडलं, हे तोरातलं वाक्य शब्दशः घेणं त्याला भाबडेपणा वाटे. ज्यूंचा मूळपुरुष अब्राहामने देश सोडला, तो फायलोच्या लेखी आत्म्याचा प्रवास. अब्राहामच्या घरची दासी हागार म्हणजे शाळेतल्या विद्या, बायको सारा म्हणजे सद्गुण. आधी हागारकडे शिकायचं, तेव्हा कुठे सारा लाभते. मग काही जण म्हणाले, अर्थ समजलाय, आता शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, कशाला पाळायचा? अगदी आमच्या लेकीसारखं. इथे फायलो वैतागला. अर्थ हा आत्मा आणि आचार हे शरीर. आत्मा शरीरातच राहतो, तर शरीराची हेळसांड करून कसं चालेल? तुम्ही अरण्यात एकटे राहिल्यासारखे वागता, असंही त्याने सुनावलं. आचार पाळला तर अर्थ जास्त उमगतो, आणि चारचौघांची बोलणीही चुकतात. हा शेवटचा मुद्दा आईला फार आवडला.

लेकीने विचारलं, "त्याच्या घरच्यांनी ऐकलं का?" फायलोचा सख्खा पुतण्या, टायबेरियस ज्युलियस अलेक्झांडर, वाडवडिलांचे आचार सोडून रोमच्या चाकरीत चढत गेला. इजिप्तचा सुभेदार झाला. इ.स. 70 मध्ये ज्यूंच्या पवित्र जेरुसलेमला रोमनांचा वेढा पडला, तेव्हा तो रोमन सेनापती टायटसच्या सैन्यात, तटाबाहेर होता.

यात काकाच्या रूपकांचा वाटा किती आणि त्या शहराचा किती, ते मला ठरवता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर जेवताना माझ्या शेजारी बसा.