गव्हर्नरच्या मर्जीबाहेरचा वकील

मंडळी, सुरुवात एका टेलिफोन कार्डापासून करते.

१९७१ साली बिल बॅक्सली नावाचा २९ वर्षांचा वकील अलाबामा राज्याचा अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे राज्याचा मुख्य वकील, झाला. बाहेरगावी फोन करायला त्याला एक सरकारी कार्ड मिळालं. त्या कार्डाच्या चार कोपऱ्यांत त्याने चार नावं लिहून ठेवली. अ‍ॅडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन, डेनिस मॅकनेअर. फोन लावायला कार्ड काढलं की ती नावं समोर यायचीच. पहिल्या तिघी १४ वर्षांच्या, डेनिस ११ वर्षांची. १५ सप्टेंबर १९६३, रविवारची सकाळ. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात, कृष्णवर्णीयांच्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात या कृष्णवर्णीय मुली प्रार्थनेसाठी तयार होत होत्या, आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेच्या माणसांनी ठेवलेला डायनामाइट फुटला.

तेव्हा बॅक्सली कायद्याचा विद्यार्थी होता. हे कुणी केलं, त्यांची नावं दोनेक वर्षांत एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेपाशी होती. तरी खटला उभा राहिला नाही आणि १९६८ मध्ये तपास बंद झाला. बॅक्सलीने पदावर येताच तो पुन्हा उघडला. एफबीआयने आपले कागद त्याच्या हाती द्यायला कित्येक वर्षं लावली, पण त्याने पिच्छा सोडला नाही. नोव्हेंबर १९७७ मध्ये रॉबर्ट चॅम्बलिस, ज्याला लोक ‘डायनामाइट बॉब’ म्हणत, डेनिसच्या खुनाबद्दल दोषी ठरला. त्याच्याविरुद्ध साक्षीला उभी राहिली ती त्याच्या नात्यातलीच एक बाई. ज्युरीपुढच्या शेवटच्या भाषणात बॅक्सलीने आठवण करून दिली, की डेनिस असती तर आज तिचा २६वा वाढदिवस असता.

आता मला तुम्हाला विचारायचंय, त्या काळात अलाबामाचा गव्हर्नर, म्हणजे राज्य सरकारचा निवडून आलेला प्रमुख, कोण होता?

जॉर्ज वॉलेस. दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आत जाऊ द्यायचं नाही म्हणून १९६३च्या जूनमध्ये विद्यापीठाच्या दारात आडवा उभा राहिलेला वॉलेस. १९७१ ते १९७९ अशी सलग आठ वर्षं तो गव्हर्नर होता आणि नेमकी तीच आठ वर्षं बॅक्सली अ‍ॅटर्नी जनरल होता. राज्य एक, मतदार तेच. पण दोघांना वेगवेगळं निवडलेलं. वॉलेसच्या हातात नेमणूक असती तर त्या खुर्चीत बॅक्सली बसला असता का? मला तरी वाटत नाही. आणि ते चार कोपरे कोरेच राहिले असते.

आपण भारतातून आलेल्या माणसांना हे चटकन पचत नाही. महाराष्ट्राचा महाधिवक्ता राज्यपाल नेमतात. संविधानाचं १६५वं कलम सांगतं, की राज्यपालांची मर्जी असेपर्यंत तो पदावर राहतो. सरकार बदललं की बहुधा महाधिवक्ताही बदलतो. त्यामुळे राज्याचा वकील म्हणजे सरकारचा वकील, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. अमेरिकेत ५० पैकी ४३ राज्यांत हा वकील थेट मतदार निवडतात. गव्हर्नर त्याला घरी पाठवू शकत नाही.

पण निवडणूक झाली म्हणजे चांगलाच माणूस येतो, असं मी म्हणणार नाही. त्याच अलाबामात, त्याच पदावर, १९५६ साली जॉन पॅटरसन होता. तोही निवडून आलेला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेवर त्याने राज्यात बंदी आणवली आणि सभासदांची यादी मागितली. त्या दिवसांत ती यादी उघड होणं म्हणजे नोकरी जाणं, घरावर हल्ला होणं. संघटनेने यादी दिली नाही, तर एक लाख डॉलरचा दंड झाला. १९५८ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने संघटनेचा हक्क मान्य केला, तरी तिला अलाबामात पुन्हा काम सुरू करायला १९६४ उजाडलं. आणि पॅटरसन? तो त्याच जोरावर गव्हर्नर झाला.

पॅटरसन आणि बॅक्सली या दोघांच्या मधल्या काळात काय घडलं, तेच माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. १९६५ साली मतदान हक्काचा कायदा आला. त्याआधी अलाबामात मतदार यादीत नाव असलेले कृष्णवर्णीय प्रौढ होते १९ टक्क्यांच्या आसपास. दोन वर्षांत ते निम्म्याच्या वर गेले. पॅटरसन निवडून आला ती यादी वेगळी होती, बॅक्सली निवडून आला ती वेगळी.

आता आपल्या घरातली गोष्ट. २० जानेवारी २०२५ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचा आदेश निघाला. आई तात्पुरत्या व्हिसावर आणि बाप ना नागरिक ना ग्रीन कार्डवाला, अशा जोडप्याचं मूल इथे जन्मलं तरी ते नागरिक मानायचं नाही. एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेली, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं ताटकळणारी किती मराठी कुटुंबं आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सातव्या-आठव्या महिन्यातल्या गरोदर मुलीने वकील कुठे शोधायचा, फी कुठून आणायची? दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टन, अ‍ॅरिझोना, इलिनॉय आणि ओरेगन या चार राज्यांच्या अ‍ॅटर्नी जनरलांनी सिअ‍ॅटलच्या कोर्टात दावा लावला. २३ तारखेला, ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष रीगन यांनी नेमलेल्या न्यायाधीशांनी आदेश रोखला. काही राज्यांचे अ‍ॅटर्नी जनरल आदेशाच्या बाजूनेही उभे राहिले, हेही लक्षात घ्या. त्यांतलेही बहुतेक कुणीतरी निवडूनच दिलेले होते.

मघाशी चहाच्या वेळी एकांनी मला अडवलं. न्यू जर्सीत हे पद गव्हर्नर नेमतो, तरी तेही राज्य या आदेशाविरुद्ध कोर्टात गेलंच की. बरोबर आहे. गव्हर्नर आणि त्याचा वकील एका विचाराचे असले, तर नेमलेला माणूसही लढतो. मला काळजी आहे ती गव्हर्नरच हक्कांच्या आड येतो तेव्हाची.

राष्ट्राध्यक्षाचं नाव मतपत्रिकेच्या अगदी वर असतं. अ‍ॅटर्नी जनरलचं खूप खाली, आणि बऱ्याच राज्यांत तर राष्ट्राध्यक्षाची निवडणूक नसते अशा वर्षी, जेव्हा मतदान एरवीपेक्षा कमी होतं. आपल्यातले कित्येक जण वरचे दोन-तीन गोल भरतात आणि कागद पाकिटात घालतात. २०२२ साली अ‍ॅरिझोनात या पदासाठी २५ लाखांहून जास्त मतं पडली. फेरमोजणी झाली. क्रिस मेज निवडून आल्या त्या २८० मतांनी. सिअ‍ॅटलच्या त्या दाव्यावर ज्या चार राज्यांची नावं आहेत, त्यातलं एक त्यांचं.